सामरीचा सातबारा

भुताच्या सिनेमाला नावं ठेवायची झाली की सुशिक्षित माणूस आधी त्याचा खिसा चाचपून बघतो. "अगदीच स्वस्तातलं काम हो!" एवढं म्हटलं की निकाल लागला. जणू भूत महागातलं असतं तर दारावर टकटक करून, पायपुसण्याला पाय पुसून आत आलं असतं! भुताचे पाय उलटे, तेव्हा पायपुसणं कोणत्या बाजूला घालायचं हा प्रश्न वेगळा.

आमचे मेहुणे याच पंथातले. पुण्याला असतात, फिल्म सोसायटीचे जुने सभासद आहेत आणि जपानी सिनेमातल्या भुताविषयी त्यांच्या मनात नितांत आदर आहे. त्या भुताला खाली उपशीर्षकं असतात ना! आपल्याकडचं भूत हिंदीत किंचाळतं, म्हणून ते हिणकस. दुसऱ्या टोकाला आमचा भाचा. त्याच्या शर्टावर सामरीचं तोंड छापलेलं आहे, आणि "मामा, कल्ट आहे कल्ट!" हे त्याच्या समीक्षेचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. सिनेमा जितका वाईट तितका तो याला प्यारा. दही आंबट निघालं म्हणून गिऱ्हाईकच जर खूश व्हायला लागलं, तर गवळ्याने विरजण बघून लावायचं कशाला?

माझं भांडण या दोघांशीही आहे. एकाला स्वस्तपणा हा दोष वाटतो, दुसऱ्याला दोष हाच गुण वाटतो, आणि सिनेमा नेमका कुठे बरा होता नि कुठे गाळात गेला हे बघायला दोघांनाही सवड नाही. मला आहे. मी मुरुडच्या बाजूचा माणूस. पावसाळ्यात लाँच बंद, रस्त्याला खड्डे, आणि वीज आपल्या मर्जीची. सवडीला आमच्याकडे तोटा नाही.

खटला आहे तो 'सामरी'चा. १९८५ सालचा रामसे बंधूंचा थ्रीडी सिनेमा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८४ साली, त्यांचा 'पुराना मंदिर' येऊन धो धो चालला होता. त्यातला सैतान म्हणजे सामरी. अनिरुद्ध अगरवाल नावाचा ताडमाड उंच माणूस, रुरकीला शिकलेला इंजिनिअर, त्याने हे काम केलं होतं. मुलाने इंजिनिअर व्हावं असं घोकणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सिनेमा चालला, तोंड चाललं, मग काय! त्याच नटाला तेच नाव देऊन दुसरा सिनेमा काढला. गोष्ट मात्र निराळी. तेव्हा हा काटेकोर अर्थाने दुसरा भाग नव्हे, असं मेहुणे म्हणतील. मी म्हणतो, पाटीवर नाव तेच आहे आणि आत बसलेला इसमही तोच आहे, तर दुकान तेच.

आता आधी स्वस्तपणाचं बघू. रामसे घराण्याची कहाणी जगजाहीर आहे. फत्तेचंद रामसिंघानी फाळणीत कराची सोडून मुंबईला आले. मूळ धंदा रेडिओचा. त्यांनी सिनेमात पैसे घातले ते बुडाले. १९७० साली काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हाही पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढा एकच प्रसंग लोकांना आवडतो, हे त्यांच्या पोरांनी थिएटरात बसून हेरलं. सात पोरं! मग वडिलांनी घरातच युनिट उभं केलं. कुमार लिहिणार, श्याम आणि तुलसी दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू पडेल त्या कामाला. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत उरकला असं सांगतात. सगळा बाडबिस्तरा एका बसमध्ये आणि स्वयंपाकाला घरच्या बायका. आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड जातं ते याहून जास्त सामान नेतं.

हा स्वस्तपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे, ही घरची शेती आहे. मजूर लावून केलेल्या भाताला आणि घरच्यांनी चिखलात उतरून केलेल्या भाताला फरक असतो. सेट उभारायला पैसे नाहीत म्हणून ही माणसं खऱ्या जुन्या वाड्यात जाऊन शूटिंग करायची. आणि खरा वाडा जे काम करतो ते लाख रुपयांचा सेट करत नाही. भिंतीची ओल खरी, जिन्याची करकर खरी, वटवाघूळ तर बिनपगारी. काळोखाला पैसे पडत नाहीत. दार आपोआप उघडायला एक दोरी आणि एक धाकटा भाऊ पुरतो. इथे तर भाऊ सहा होते.

याच पायी ही मंडळी आमच्या किनाऱ्याला आली. अलिबागकडून काशीद, नांदगाव करत मुरुडात शिरताना डोंगरावर समुद्राकडे तोंड करून जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा उभा आहे. १९८९ च्या 'पुरानी हवेली'तली हवेली ती हीच. शिवाजी महाराज, संभाजी महाराज यांच्यासारख्यांना ज्यांनी पाण्यातला किल्ला दिला नाही, त्यांच्या वारसांच्या वाड्यात एक धुराचं मशीन आणि चार रंगीत दिवे घेऊन सिनेमावाले सहज शिरले. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तोफा गप्प झाल्या, आणि जे उरलं त्यात भुतं नाचली.

तर 'पुराना मंदिर'. त्याचे दोष मला पाठ आहेत. जगदीप त्यात मच्छरसिंग होऊन 'शोले'ची जी नक्कल करतो, तिचा भुताशी काडीचा संबंध नाही. ती सुरू झाली की लोक चहाला उठत आणि ती संपेपर्यंत चहावाल्याचं भलं होई. गाणी नको तिथे आहेत. पण मेहुण्यांना मी एक गोष्ट मुद्दाम ऐकवतो. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी, ज्याच्यावर ते अर्धा तास सहज बोलू शकतात, तो सदाशिव अमरापूरकर दुसऱ्याच वर्षी या सिनेमात आहे. मेहुणे तेवढ्यापुरते खोकतात.

आणि त्याचं बळ? बळ आहे नियमात. सामरीचं डोकं आणि धड वेगळं केलेलं आहे. डोकं हवेलीत पेटीत बंद आणि धड जुन्या देवळामागे पुरलेलं. जोवर ही दोन एकत्र येत नाहीत तोवर धोका नाही. झाली की नाही गोष्ट! आता सगळा सिनेमाभर आपला जीव त्या पेटीत. कोणी तिच्या नुसतं जवळून गेलं तरी पोटात गोळा. भूत पडद्यावर थोडाच वेळ दिसतं, आणि ते पैशाच्या दृष्टीनेही परवडतं. मेकअपचा खर्च वाचतो. भीती दाखवण्यापेक्षा भीतीची वाट बघायला लावणं नेहमीच स्वस्त पडतं, हे रामशांना फिल्म सोसायटीत न जाता कळलं होतं.

शिवाय तो शाप. राजघराण्यातली बाई बाळंत होताना विद्रूप होऊन मरेल. हे शहरातल्या प्रेक्षकाला अचाट वाटतं. आमच्या आजीला वाटलं नाही. तिने सिनेमा पाहिला नव्हता, मी गोष्ट सांगितली तेवढीच. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे हडळच की रे!" बाळंतपणात नाहीतर बाळंतपणानंतरच्या सोयरात गेलेली बाई हडळ होते, ही किनाऱ्यावरच्या बायकांना लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट. जिथे डॉक्टर खाडीपलीकडे आणि होडी भरतीवर अवलंबून, तिथे बाळंतपण म्हणजे खरोखरच जिवावरचं काम असायचं. त्या भीतीला गावाने हडळ असं नाव दिलं. रामशांनी ठाकुरांचा शाप असं नाव दिलं. तंबूतल्या थिएटरात पुढे जमिनीवर बसलेल्या बायका डोळ्यांवर पदर घेत होत्या त्या सामरीच्या दातांना भिऊन नव्हे. ते दात तर सगळ्यांना दिसत होतं की लावलेले आहेत.

मग आला 'सामरी'. यात तो सैतान नाहीच. हा धर्मेश सामरी नावाचा मांत्रिक. इस्टेटीसाठी जवळचीच मतलबी माणसं त्याचा काटा काढतात आणि तो थडग्यातून उठून एकेकाचा हिशेब चुकता करतो. म्हणजे आदल्या वर्षीचा सैतान यंदा पीडित झाला! त्याच्यावर अन्याय झालेला आहे. त्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे.

आता माणसा, इस्टेटीवरून खून हा काय भुताचा विषय झाला? तो तलाठ्याचा विषय. आमच्या तालुक्यात अर्ध्या घरांचे सातबारे भाऊबंदकीत अडकलेले आहेत. आठ आण्याच्या हिश्श्यावरून चुलत्यांनी एकमेकांच्या अंगणात बांध घातलेले आहेत, आणि माडाच्या एका झावळीवरून दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत. ही माणसं 'सामरी' बघून घाबरतील? ती टाळ्या वाजवतील! आणि वाजवल्याच. मेलेला काका उठून इस्टेट बळकावणाऱ्यांना धरतोय म्हटल्यावर आमच्याकडच्या प्रेक्षकाला गहिवरून आलं. "धर, सोडू नको!" असं ओरडून भुताला प्रोत्साहन देणारं थिएटर मी स्वतः ऐकलेलं आहे.

हे 'सामरी'चं खरं बळ, आणि ते कोणी सांगत नाही. भाचा दातांवर आणि धुरावर खूश असतो. त्याला ही टाळी कळत नाही, कारण त्याच्या नावावर अजून काही जमीन नाही. दिवाणी कोर्टात तारीख मागून तारीख घेऊन कंटाळलेल्या माणसाला ज्या न्यायाची आस असते तो न्याय त्या सिनेमात दोन-अडीच तासांत मिळतो, वकील न लावता. लोक त्यावर पैसे टाकतात यात नवल नाही.

पण त्याच टाळीने सिनेमा मारला. ज्याच्या बाजूने आपण ओरडतो त्याला भिणार कसं? भूत आपल्या पक्षाचं झालं की त्याचा उमेदवार होतो. पहिल्या सिनेमात सामरीला कारण नव्हतं, होता तो नियम. दुसऱ्यात त्याला कारण मिळालं आणि नियम गेला. तो कुठूनही येतो, कसाही येतो, हवं ते करतो. डोकं-धडाची पेटी नाही, ओलांडायची नाही अशी रेघ नाही. मग उरला काय, तर मेकअप केलेला उंच गुंड. बिचारा अनिरुद्ध अगरवाल दोन्ही सिनेमांत तसाच मन लावून डोळे वटारतो. पण नियम नसताना नुसते डोळे वटारून काही होत नाही, हे कुठलाही शाळामास्तर सांगेल.

आणि वर तो चष्मा! त्या साली थ्रीडीची साथ आली होती. त्याच वर्षी 'शिवा का इन्साफ' आला, त्याआधी मल्याळम 'माय डिअर कुट्टिचातन'ने १९८४ मध्ये तिकडे धमाल उडवून दिली होती. मग सामरीलाही चष्मा लागला, म्हणजे बघणाऱ्याला. आता या चष्म्याची एक खोड आहे. तो डोळ्यांवर चढला की पडद्यावरचा उजेड घटतो. भुताचा सिनेमा मुळात अंधारातला, त्यात हा चष्म्याचा अंधार, त्यात आमच्याकडच्या थिएटरातला प्रोजेक्टरचा दिवा म्हाताऱ्या माणसासारखा मिणमिणता. शेजारचा माणूस विचारायचा, "आला का हो?" मी म्हणायचो, "कोणीतरी आलंय खरं." वस्तू प्रेक्षकांच्या अंगावर येतात हे मला मान्य आहे. पण अंगावर वस्तू येणं ही भीती नव्हे. तसं तर एस.टी. स्टँडवर रोज होतं.

माझं म्हणणं मेहुण्यांनी नीट ऐकावं. 'सामरी' पडतो तो स्वस्त आहे म्हणून नव्हे. स्वस्त तर पहिलाही होता. दुसरा पडतो तो त्यातल्या त्यात खर्चिक होऊ बघतो म्हणून. जिथे जागा, काळोख आणि नियम यांच्यावर भागत होतं तिथे चष्मे आणले, आणि चष्मे आणल्यावर त्यांच्यासाठी फेकायच्या वस्तू शोधत बसले.

हे फक्त रामशांचंच झालं असं नाही. आपल्या मराठीत बघा. १९९३ चा 'झपाटलेला'. कल्पना परदेशी बाहुलीवरून सुचलेली असेल, पण रामदास पाध्यांनी त्या तात्या विंचूच्या बाहुल्यात जो जीव ओतला तो अस्सल इथला. आणि त्याला नियम होता. बाहुल्यात अडकलेल्या तात्याला सुटायचं असेल तर लक्ष्याचंच शरीर हवं, दुसरं चालायचं नाही. पुढचा सगळा गोंधळ त्यातून. वीस वर्षांनी, २०१३ साली, 'झपाटलेला २' आला, आणि आला तो काय घेऊन? चष्मा! लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेलेले. ती पोकळी कुठल्या मितीने भरणार होती? तिसरी मिती वाढवली, पण लक्ष्या बाहुलीकडे बघून जसा घाबरायचा ती मिती कुठून आणायची? तरी पाध्यांची बाहुली त्यातही चोख आहे, हे कबूल.

उलट उदाहरण हवं तर तेही आपल्याच कोकणातलं आहे. 'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठीवरची मालिका २०१६ साली सुरू झाली. आकेरीचा एक वाडा, मालवणी बोली आणि दारामागे उभं असलेलं कोणीतरी. २०१९ साली दुसरा भाग काढताना त्यांनी गोष्ट पुढे नेलीच नाही. मागे नेली! पहिल्यात अण्णा नाईक मेलेले होते, दुसऱ्यात जिवंत अण्णा दाखवले. भूत होण्याआधी माणूस काय होता ते बघा म्हणाले. वाडा तोच ठेवला. त्यात महिनोन्महिने पाणी घातलं ते मालिकेच्या धर्माप्रमाणे. पण जागा सोडली नाही. माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंतपणी जितके भीतिदायक होते तितकं त्यांचं भूतही नव्हतं. अमेरिकेत सॅम रायमीने १९८७ साली 'इव्हिल डेड'चा दुसरा भाग केला तेव्हा हाती पैसा पहिल्यापेक्षा पुष्कळ होता, तरी पठ्ठ्या पुन्हा त्याच जंगलातल्या झोपडीत जाऊन बसला. मेहुण्यांना तो सिनेमा चालतो. त्याला उपशीर्षकं लावता येतात.

आता या सगळ्याशी माझं काय घोडं अडलंय? अडलंय ते असं. आमच्या त्या डोंगरावरच्या वाड्याला आता लोक भुताचा वाडा म्हणतात. शनिवार-रविवारी गाड्या थांबतात, माणसं उतरतात, फोन वर करून फोटो घेतात आणि चहाच्या टपरीवर विचारतात, "भूत कुठल्या खिडकीत दिसतं?" वाडा खाजगी मालकीचा आहे, आत कोणाला सोडत नाहीत. मग तर खात्रीच पटते की आत काहीतरी आहे! तो कोणी बांधला, कोणत्या राज्याचा होता, सिद्दी हे लोक आफ्रिकेतून या किनाऱ्यावर येऊन आरमाराच्या जोरावर तीनशे वर्षं कसे टिकले, हे कोणी विचारत नाही. इतिहास असा समोर बुरुज दाखवत उभा असताना पाहुणे धुराच्या मशीनची चौकशी करतात.

आणि मजा अशी की खरी भुतं आमच्याकडे विपुल होती. त्यांच्याकडे कोणी कॅमेरा फिरवला नाही. खाडीत बुडून मेलेला गिऱ्हा आहे. तो रात्रीच्या वाटसरूला ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि पाण्याकडे नेतो. चकवा आहे, तो रानात रात्रभर एकाच जागी फिरवतो आणि उजाडलं की सोडतो. पिंपळावरचा मुंजा आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोर. यांतल्या प्रत्येकाला ठरलेली जागा आहे, ठरलेली वेळ आहे आणि आपापला कायदा आहे. गिऱ्हा पाणी सोडून माळावर येत नाही. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही. प्रत्येकाचा सातबारा स्वच्छ! 'सामरी'ला जे जमलं नाही ते आमच्या आज्यांनी एक छदाम खर्च न करता पडवीत बसून जमवलं होतं.

आमच्या गावातल्या पोरांना आज सामरी माहीत आहे, तोंडाने त्याचा आवाजही काढतात. गिऱ्हा कोण ते विचारा, "दुकानातलं गिऱ्हाईक का?" म्हणतात. २०२४ साली 'मुंज्या' आला आणि थिएटरं भरली, तेव्हा कोकणातल्या एका भुताला निदान दिवस बरे आले. पण त्याला संगणकावर घडवावं लागलं. आणि इतर सिनेमांतल्या भुतांबरोबर त्याची मोळी बांधून टाकली. आता म्हणे या सगळ्यांचं एकच विश्व. म्हणजे पुन्हा तेच! ज्याला एक पिंपळ पुरत होता त्याला आता विश्व लागतंय.

एखाद्या कमी पैशाच्या निर्मात्याला दुसरा भाग काढायचाच असेल तर त्याने आमच्याकडे यावं. सामरी आणू नये, चष्मेही आणू नयेत. रेवदंड्याच्या खाडीवर एक छोटी होडी भाड्याने मिळते. पंचांगात बघून अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी, म्हणजे भरतीही मोठी आणि दिव्यांचा खर्चही नाही. एक कंदील लागेल. होडीत दोन माणसं, आणि किनाऱ्यावरून एकाला कोणीतरी घरच्या नावाने हाक मारतं. दुसरा म्हणतो, "ओ देऊ नको." बस. गिऱ्ह्याला मेकअपचा खर्च नाही, तो दिसतच नाही. आवाजाला माणूस लागेल. पण तो गावातलाच घ्यावा, कारण हाक मालवणीत नाही, आमच्या आगरी बोलीत मारायची आहे, आणि ती मुंबईच्या नटाला जमायची नाही. जेवणाची सोय आमच्याकडे होईल. सोमवार, गुरुवार सोडून मासे.